शेवटाकडून वाचणारे अण्णा

रेवणसिद्ध मेटकरी कोणताही छापील कागद शेवटाकडून वाचत. लग्नपत्रिका हातात आली की आधी तळाची निमंत्रकांची यादी, मग कार्यालयाचा पत्ता, मग मुहूर्त आणि सर्वांत शेवटी वधूवरांची नावे. औषधाच्या पट्टीवर आधी मुदत संपण्याचा महिना, मग औषध. सोलापुरातल्या एका दैनिकात ते तेवीस वर्षे मुद्रितशोधक होते आणि त्यातली बरीच वर्षे मी तिथे उपसंपादक होतो. कार्यालयात त्यांना सगळे अण्णा म्हणत. उलटे वाचण्याचे कारण मी पहिल्याच आठवड्यात विचारले. ते म्हणाले, "सरळ वाचलं की बातमी दिसती. उलटं वाचलं की एकेक शब्द एकटा हुबा ऱ्हातो. मग त्याला लपायला जागा न्हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी मला पकडले. मी लिहिलेली एक निधनवार्ता घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. मथळ्यात मृताचे नाव होते आणि मजकुरात त्याच्या धाकट्या भावाचे. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "उपसंपादक, मेलंय कोन? वरचा का खालचा? खालचा काल पानटपरीवर भेटला हुता मला." पुढे माझे पद बदलले, नंतर मी नोकरीही सोडली, पण त्यांच्यासाठी मी उपसंपादकच राहिलो.

अंगाने ते बारीक आणि उंचीने बेताचे होते. शर्टाच्या खिशात एक लाल पेन दिसे. दुसरे आतल्या खिशात असे, कारण मागून नेलेले पेन परत येते यावर त्यांचा विश्वास नव्हता. लिहीत ते निर्दोष प्रमाण मराठी, पण बोलत मंगळवेढ्यापलीकडच्या आपल्या गावचे. कोणी हसले तर म्हणत, "लिवायची भाषा हापिसाची. बोलायची माझ्या बापाची." हद्दीपलीकडची कन्नडही त्यांना येत होती, पण कार्यालयात त्यातला एकच शब्द ऐकू येई. समोरचा काही सांगत असला की ते मान तिरकी करून म्हणत, "हौदा?" अर्थ साधा आहे, 'असं का?' अण्णांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ असे, की आता याचा पुरावा काढ.

त्यांचा एक नियम नवख्यांना विचित्र वाटे. स्वतः लिहिलेला मजकूर ते स्वतः तपासत नसत. रजेचा चार ओळींचा अर्जसुद्धा ते दुसऱ्याच्या हातात देत आणि तो वाचून होईपर्यंत उभे राहत. "आपलं प्रूफ आपुन वाचायचं न्हाय," ते सांगत. "आपलं लिवलेलं आपल्याला बरोबरच दिसतं."

अण्णा धनगरी ओव्या रचतात आणि गातात, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळले. निरोपाच्या कार्यक्रमात संपादकांचे भाषण झाले, शाल-श्रीफळ झाले आणि आता अण्णांनी दोन शब्द बोलावेत असे कोणीतरी म्हणाले. ते बोलले नाहीत. त्यांनी एक हात कानाशी नेला आणि गायला सुरुवात केली. पाणी भरायला निघालेली एक बाई आणि तिच्या वाटेवरच्या विहिरी, अशी ती ओवी होती. प्रत्येक विहीर बाईला अडवते आणि विचारते, तू कुणाची? पाटलाच्या विहिरीला ती सांगते, मी सासऱ्याची. देवळाच्या विहिरीला सांगते, मी धन्याची. शेवटची विहीर उघड्या माळावरची. तिचा प्रश्न वेगळा आहे:

"माळाची विहीर पुसती, बाई तुजं नाव काय?"

इथे अण्णा थांबले आणि खाली बसले. टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला. मी जवळ जाऊन म्हटले, "शेवट उघडा ठेवलात, ते फार चांगलं केलंत." ते शाल घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "तसंच सुचलं हुतं."

त्यांच्या संशयी स्वभावाचे मूळही त्याच दिवशी चहा घेताना समजले. तरुणपणी त्यांच्या चार ओव्या एका कॅसेटवाल्याने सोलापुरात बोलावून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. काही महिन्यांनी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अण्णांना ती कॅसेट दिसली. वेष्टनावर एका मेंढीचे चित्र होते आणि खाली छापले होते, 'गीत: पारंपरिक'. गायकाच्या जागी 'आणि पार्टी' एवढेच होते. ते कॅसेटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, धनगराची गाणी म्हणजे पारंपरिकच की. त्यातली विहिरीची ओवी पुढे चांगली पसरली. जत्रेत वाजली, लग्नात वाजली. अण्णांना त्यांच्याच आळीतल्या एका लग्नात कोणी विचारले, हे जुने गाणे तुम्हांला येते का. "त्या दिवसापासनं छापल्याल्या अक्षरावरचा माजा इश्वास उडाला," अण्णा म्हणाले. "म्हनून नोकरी बी तितंच धरली. लक्ष ठिवायला."

निवृत्तीनंतर ते जुळे सोलापुरात मुलीकडे राहायला गेले. मुलगी सुरेखा सहकारी बँकेत नोकरीला. तिनेच एके दिवशी त्यांना मोबाइलवर दाखवले, की आता कॅसेटवाल्याची गरज उरलेली नाही. गाणे आपण ध्वनिमुद्रित करायचे आणि एखाद्या वितरण सेवेमार्फत पाठवायचे; ती सेवा ते ऐकण्याच्या सगळ्या ॲपवर पोचवते आणि गीतकार म्हणून आपण जे नाव देऊ ते तिथे लागते. अण्णांनी मान तिरकी केली. "हौदा?"

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "उपसंपादक, अकरा गानी हायत. जगात सोडायची हायत. पर सोडायची कुनाच्या हातानं, ते ठरना. या जरा."

मी गेलो तेव्हा दिवाणावर कागदांच्या चार थप्प्या होत्या. चार सेवांचे नियम आणि अटी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणल्या होत्या. मजकूर इंग्रजी, शेजारी शब्दकोश. चारही थप्प्या शेवटच्या पानाकडून उघडलेल्या होत्या आणि समासात लाल खुणा होत्या. सुरेखा स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका, लोक हे सगळं न वाचता खाली बोट लावतात आणि पुढे जातात. आमच्या बाबांचा उन्हाळा यात गेला."

"लोक जातात पुढं," अण्णा म्हणाले. "मागं यायची वाट कुनी बगितली हाय? आत कसं जायचं ते समदी पहिल्या पानावर सांगत्यात. भाईर कसं पडायचं ते शेवटच्या पानावर अस्तं."

एकेक थप्पी उचलून त्यांनी मला निकाल सांगितला. पहिली सेवा दरवर्षी वर्गणी घेणारी होती. वर्गणी थांबली की गाणी उतरवणार. "म्हंजे मी मेलो की गानी बी मेली. बाराव्याच्या आत." दुसरी काहीच घेत नव्हती, मिळकतीत वाटा ठेवत होती. त्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत एका कलमाला होती: आम्ही या अटी केव्हाही बदलू शकतो आणि बदल आमच्या संकेतस्थळावर टाकला की तुम्हांला तो मान्य आहे असे धरले जाईल. त्यावर त्यांनी लाल पेनाने लिहिले होते, 'आज छापले ते उद्या खरे नाही.'

तिसरा प्रस्ताव माणसाच्या रूपाने घरी आला होता. सोलापुरातलाच एक एजंट, गळ्यात हेडफोन, बोलण्यात अंकल-अंकल. सगळे मोफत करून देतो म्हणाला. फक्त स्टँपपेपरवर सही. अण्णांनी स्टँपपेपर उलटा वाचला. शेवटच्या परिच्छेदात गाण्यांचे सर्व हक्क कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, सध्या माहीत असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी देण्यात येत आहेत, असे होते.

"म्या त्याला इचारलं, संपूर्न विश्वात म्हंजे? तो म्हनला, अंकल, ती नुस्ती भाषा अस्ती. म्या म्हनलं, मी आयुष्यभर नुस्ती भाषाच तपासली की. ह्यांना चंद्रावरचं बी पायजे. तितं कोन मेंढ्या राखतंय?" एजंट चहा अर्धा टाकून गेला होता. सुरेखाने तो कप बरेच दिवस लक्षात ठेवला.

चौथ्या सेवेवर ते अडले होते, कारण तिच्यात त्यांना दोष सापडत नव्हता. एका संग्रहाला एकदाच शुल्क. हक्क रचणाऱ्याकडे. सेवा सोडायची तर गाण्याचा ओळखक्रमांक आपल्याबरोबर नेता येतो, म्हणजे गाणे दुसरीकडे गेले तरी त्याची आजवरची ओळख पुसली जात नाही. मरणानंतर वारस खाते चालवू शकतो. अण्णांना हेच संशयास्पद वाटत होते. "इतकं नीट कोन लिवतं का?"

म्हणून त्यांनी त्यांची जुनी परीक्षा लावली. एकच प्रश्न सेवेला दोनदा विचारायचा, एकदा स्वतःच्या ई-मेलवरून, एकदा सुरेखाच्या, शब्द बदलून, चार दिवसांच्या अंतराने. बातमीदार खोटे बोलतो आहे का, हे ते असेच बघत. दोन्ही उत्तरे त्यांनी शेजारी ठेवली होती. ती जुळत होती. दुसऱ्या उत्तराखाली एका बाईंचे नावही होते आणि त्यांनी अण्णांच्या प्रश्नातली एक चूक नम्रपणे दाखवली होती. अण्णांनी त्यावर बरोबरची खूण केली. मला वाटते, त्या एका दुरुस्तीने निवड झाली.

मग त्यांनी अकरा ओव्यांचे कागद मला दिले. नियमाप्रमाणे स्वतः वाचणार नव्हते. मी घरी नेऊन त्यांच्याच पद्धतीने वाचले, शेवटाकडून, आणि त्यामुळे एक गोष्ट लगेच दिसली. ओवी रचणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो, ही त्यांच्याकडची रीत. दहा ओव्यांच्या शेवटी 'रेवण सांगतो' होते. विहिरीच्या ओवीत नव्हते. मी फोन करून विचारले.

"बसलं न्हाय त्यात," ते म्हणाले.

"दहांत बसलं, एकात नाही?"

"न्हाय बसलं." त्यांनी फोन ठेवला. अण्णा फोन असा ठेवत नसत. मी ते लक्षात ठेवले.

साखर पेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत तीन दिवसांत ध्वनिमुद्रण झाले. गावाकडून ढोल आला, मागे सूर धरणारे दोघे आले. सुरेखाने खाते उघडले आणि गाणी पाठवली. दहा स्वीकारली गेली. विहिरीची परत आली. सेवेचे म्हणणे असे होते, की हे गाणे आधीच अनेकांनी चढवलेले आहे, कोणीतरी जुनी कॅसेटही चढवली आहे, आणि सगळीकडे गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' आहे. आपणही तसे लिहिल्यास गाणे लगेच प्रसिद्ध होईल. गीतकार म्हणून नाव लावायचे असल्यास आधार द्यावा. लेखी साक्षही चालेल.

सुरेखा म्हणाली, "बाबा, लिहूया की पारंपरिक. दहांवर तुमचं नाव आहेच."

डॉक्टरांनी अण्णांना त्याच आठवड्यात हृदयाचे काहीतरी सांगितले होते आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. ते म्हणाले, "त्या एका शब्दासाठी चाळीस वर्सं भांडलोय. आता मीच माझ्या हातानं लिवू?" मग माझ्याकडे वळून, "उद्या गावाला चला. वयनी हाय अजून. म्या ती ओवी कवा केली, तिला ठावं अस्नार. ती सांगंल, तुमी लिवून घ्या, ती अंगठा दील."

आम्ही एसटीने मंगळवेढ्याला आणि तिथून वडापच्या जीपने गावी गेलो. वाटेत त्यांनी मला साक्षीचे पहिले वाक्य सांगितले आणि मी ते लिहून ठेवले: 'विहिरीची ओवी रेवणसिद्ध यांनी रचली, हे मला माहीत आहे.' खाली अंगठ्यासाठी जागा सोडली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी उभी होती. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्या वाटेवर ते मला चुका दाखवत चालतील अशी माझी अपेक्षा होती, कारण प्रत्येक दुकानाच्या पाटीवर एक तरी होती. त्यांनी एकही दाखवली नाही.

बिरव्वा वहिनी दारात सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा अण्णा तीन-चार वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी अण्णांची आई गेली. स्वतःचे वय नक्की किती, हे वहिनींना माहीत नव्हते. आम्हांला बघून त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"बसा, पावनं. रेवण्या, वाळलास किती. पोरगी जेवाय घालती का न्हाई?"

"घालती. वयनी, ह्ये माझ्या पेपरातलं. तू काय सांगशील ते लिवून घेनार हायत."

"का? म्या काय केलं?"

"तू काय न्हाय केलं. ती विहिरीची ओवी म्या केली, एवडंच सांगायचं."

"कंची विहिरीची?"

अण्णांनी हात कानाशी नेला आणि गायले. पाटलाची विहीर झाली, देवळाची झाली. वहिनी खडे वेचत होत्या. माळाच्या विहिरीने नाव विचारले आणि अण्णा थांबले. वहिनींनी वाट पाहिली. मग त्यांचा हात सुपात थांबला.

"फुडं?"

"फुडं काय? संपली."

"संपली कशी? विहिरीनं नाव इचारलं, आन् बाई तशीच घागर घिऊन हुबी?"

वहिनींनी सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि बसल्या जागेवरून, कापऱ्या पण चुकत नसलेल्या आवाजात म्हटले:

"वाकून बोलले विहिरीत, बिरव्वा माजं नाव हाय,
विहीर म्हनली बिरव्वा, भर घागर, घरी जाय."

वाकून विहिरीत बोलले की शब्द परत येतो, एवढीच ती गोष्ट होती. मी पेनाला टोपण लावले.

"तुला मांडीवर घिऊन म्हनायची की मी," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई गेल्यावर तू दुसऱ्या कुनाकडं झोपायचा न्हाईस. विहिरीनं नाव इचारायच्या आत तुजं डोळं मिटायचं. फुडचं तू ऐकलंस कवा?"

मी बातमीदाराचा प्रश्न विचारला. तुम्हांला ही कोणी शिकवली?

"शिकवायला कोन हुतं? सून म्हनून आले तवा समदी मला मेटकऱ्याची म्हनायची. ह्याची सून, त्याची बायकू. नाव कुनी घेत नव्हतं. पान्याला जाताना आपली आपल्याशीच म्हनायची. बाईमान्साच्या गान्याला कोन बसतंय ऐकत?"

अण्णा जमिनीकडे बघत होते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि लाल पेनाने आपल्या नावावर रेघ मारली. वर लिहिले, 'बिरव्वा'. मग म्हणाले, "वयनी, गान्याखाली तुजं नाव लावतो."

"माजं कशाला? धरायला यील कोन तरी."

"कुनी येत न्हाय."

"नाव लिवून नेल्यावर कायतरी निघतंच मागनं. घरकुलाला लिवून नेलं हुतं, अजून पत्त्या न्हाय. ह्या पावन्यास्नी फुकट कोन पाटवलं?" त्यांनी माझ्याकडे मान तिरकी करून पाहिले. ती मान मी कित्येक वर्षे ओळखत होतो. ती कुठून आली, हे तेव्हा कळले. शेवटी त्या म्हणाल्या, "लाव. पर एक हाय. नाव लावायचं तर समदी म्हन. अर्दी म्हनून माजं नाव लावू नगंस."

अंगठा त्यांनी दोनदा उठवला. पहिला पुसट आला होता.

परतताना मंगळवेढ्याच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. अण्णा बाकावर बसले होते. त्यांनीच विषय काढला. "संशय मला हुताच."

"कधीपासून?"

"धा गान्यांत नाव आपसूक आलं. ह्यात घालाय बसलो की शब्द हात झटकायचं. दर बारीला म्हनायचो, बसत न्हाय. माझं अस्तं तर बसलं नस्तं का? पर आपलं लिवलेलं आपल्याला बरोबरच दिसतं." मग ते म्हणाले, "कॅशेटवाल्यानं तर मला पारंपरिक करून ठिवलं. म्या वयनीचं गानं माजं केलं. काय फरक? जगातल्या समद्या कागदांचा शेवट आदी वाचला, आन् ह्या एका गान्याचा शेवट मला ठावं न्हाय."

"मग मला कशाला आणलंत? एकटे येऊन विचारता आलं असतं."

"एकटा आलो अस्तो तर जाताना वाटंत कायतरी जमवलं अस्तं, उपसंपादक," ते म्हणाले. "आपलं प्रूफ आपुन वाचायचं न्हाय."

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा साखर पेठेत गेले. डॉक्टरांनी गाऊ नका म्हटले होते. शेवटचे कडवे त्यांना दोन श्वासांत म्हणावे लागले. स्टुडिओवाल्याने ते सफाईने जोडून देतो म्हटले, अण्णा नको म्हणाले. अर्ज पुन्हा भरला. गीतकार: बिरव्वा मेटकरी. गायक: रेवणसिद्ध मेटकरी. तो अर्ज त्यांनी सुरेखाला वाचू दिला, मला वाचू दिला, स्वतः वाचला नाही. साक्ष सोबत गेली. उत्तर यायला दिवस लागले आणि त्या दिवसांत ते रुग्णालयात दाखल झाले.

गाणे प्रसिद्ध झाल्याचे सुरेखाने त्यांना खाटेवर दाखवले. मी तिथे होतो. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पडद्यावरचा मजकूर खालून वर वाचला. "नाव बरोबर हाय," ते म्हणाले. मोबाइल परत देताना सुरेखाला सांगितले, "उद्या परत बग. आज हाय म्हंजे उद्या अस्नार असं न्हाय. आन् वयनीला मीच ऐकवनार. जत्रंला जाऊ."

सुरेखाने दुसऱ्या दिवशी पाहिले, तिसऱ्या दिवशीही पाहिले. नाव होते. चौथ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

त्यांची निधनवार्ता मी लिहिली. मथळ्यातले नाव आणि मजकुरातले नाव जुळते आहे का, हे स्वतः न बघता कागद सुरेखाकडे दिला. तिने तो शेवटाकडून वाचला आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

दिवसकार्य गावी झाले. पंगत उठल्यावर सुरेखा वहिनींजवळ बसली आणि तिने मोबाइलवर ओवी लावली. वहिनींनी मोबाइल हातात घेतला नाही; तो भुईवर ठेवायला सांगितला आणि कान त्याच्याकडे केला. ढोल वाजला, अण्णांचा आवाज आला. पाटलाची विहीर झाली, देवळाची झाली. वहिनींचे ओठ हलत होते. माळाच्या विहिरीने नाव विचारले, तेव्हा त्यांचे ओठ थांबले आणि त्या मोबाइलकडे बघत राहिल्या.

अण्णांनी श्वास घेतला. तो ऐकू आला. मग ते पुढे गायले, वाकून विहिरीत नाव सांगितले, विहिरीने ते परत दिले, घागर भरली.

गाणे संपल्यावर वहिनींनी पदराने तोंड पुसले आणि सुरेखाला म्हणाल्या, "आज न्हाई झोपला."